ट्रॅक्टरच्या कुस्त्या कोणासाठी?

दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे करावयाचे, दोहोंच्या हुकांत एकच लोखंडी साखळी अडकवावयाची आणि इशारा होताच दोघांनी विरुद्ध दिशांना ओढ घ्यावयाची, असा हा खेळ आहे. चाके माती उधळतात, सायलेन्सरमधून काळ्या धुराचे लोट उठतात, पुढची चाके जमिनीवरून सुटतात आणि अखेर एक ट्रॅक्टर दुसऱ्याला रेषेपलीकडे फरफटत नेतो. पंजाबात याला ‘टोचन’ म्हणतात. भोवती जमाव, ध्वनिवर्धकांचा गोंगाट आणि शेवटी पुढाऱ्याच्या हस्ते बक्षीस, असा त्याचा थाट असतो. या प्रकाराला शेतकऱ्याचा मर्दानी खेळ असे गौरवाने म्हटले जाते. परंतु या खेळात शेतकरी जिंकतो केव्हा? दोन्ही ट्रॅक्टर शेतकऱ्यांचे, दोन्ही टाक्यांतील डिझेल शेतकऱ्यांचे, घासलेले टायर, तुटलेले गिअर आणि पुढच्या महिन्याचा हप्ता हेही शेतकऱ्यांचेच. हरणाऱ्याचे नुकसान त्याच दिवशी दिसते. जिंकणाऱ्याचे काही महिन्यांनी गॅरेजमध्ये कळते.

हे वेड पंजाबचे आहे, महाराष्ट्राला त्याच्याशी काय कर्तव्य, असे म्हणून चालणार नाही. पश्चिम महाराष्ट्रातील यात्रा-जत्रांतून ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर घड्याळ लावून मागे घेण्याच्या स्पर्धा होत आहेत. त्यात निदान हाताचे कसब लागते. परंतु मोबाइलच्या पडद्यावरून टोचनाची दृश्ये वाडीवस्तीवर रोज पोहोचत आहेत, आणि यंत्राच्या बळाचे प्रदर्शन हीच पुरुषार्थाची खूण, हा संस्कार त्यांबरोबर येत आहे. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव, जुन्नर, खेड या तालुक्यांत बैलगाडा शर्यतीची जुनी परंपरा आहे. नागापूरच्या थापलिंग खंडोबाच्या यात्रेतील घाट सर्वांना ठाऊक आहे. त्या शर्यतींच्या बक्षिसांकडे पाहिले म्हणजे वारा कोणत्या दिशेने वाहतो ते कळते. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे झालेल्या बैलगाडा शर्यतीत पहिले बक्षीस जेसीबी यंत्राचे होते आणि बक्षिसांच्या यादीत ट्रॅक्टरही होता. बैलाच्या पळण्याचे मोल यंत्राने होऊ लागल्यावर पुढे यंत्रालाच घाटात उतरवावे असे कोणाला वाटले, तर त्यात नवल ते काय?

या खेळाचे मूळ जेथे आहे त्या देशात त्याचे काय झाले, हे आधी पाहिले पाहिजे. अमेरिकेतील शेतकरी पूर्वी घोड्यांच्या ओढीच्या पैजा लावीत. घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर १९२९ साली मिसुरी आणि ओहायो या राज्यांत ट्रॅक्टरच्या ओढीच्या पहिल्या स्पर्धा झाल्या. आरंभी एक घसरगाडी ट्रॅक्टरमागे बांधीत आणि ती पुढे जाईल तसतशी वाटेत उभी असलेली माणसे तिच्यावर चढून भार वाढवीत. शेतात नांगरणारा ट्रॅक्टरच सुटीच्या दिवशी मैदानात येई. १९६९ साली तेथे राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, नियम झाले, घसरगाडीवरचे वजन यंत्राने आपोआप पुढे सरकू लागले आणि ३०० फुटांची पूर्ण ओढ हे उद्दिष्ट ठरले. त्यानंतर एकाच ट्रॅक्टरवर अनेक इंजिने बसविण्यात आली. विमानांची जुनी इंजिने आणि टर्बाइनसुद्धा त्यावर चढली. जे यंत्र शेतातून मैदानात आले होते ते पुन्हा शेतात जाण्याच्या योग्यतेचे उरले नाही. एक ओळही नांगरू न शकणाऱ्या या वाहनाला ट्रॅक्टर म्हणणे हा केवळ उपचार आहे. स्पर्धेचे हे तर्कशास्त्रच आहे: जिंकावयाचे असेल तर यंत्र शेतीसाठी निरुपयोगी करावे लागते.

श्रीमंत देशातील हौशी माणूस असे यंत्र वेगळे बाळगू शकतो. भारतातील शेतकऱ्याजवळ एकच ट्रॅक्टर असतो, आणि जे काही करावयाचे ते त्यावरच होते. डिझेल पंपाची मांडणी बदलून कंपनीने ठरविलेल्या मर्यादेपलीकडे इंधन सोडले जाते, नोझल बदलले जातात, मूळ इंजिनाला नसलेला टर्बो बसविला जातो. प्रेक्षक ज्या काळ्या धुरावर खूष होऊन टाळ्या वाजवितात, तो न जळलेल्या डिझेलचा धूर असतो, म्हणजे शेतकऱ्याचा जळता पैसा असतो. पुढे लोखंडी वजने टांगली जातात, मागच्या टायरांत पाणी भरले जाते. कारण ओढ ही केवळ अश्वशक्तीवर ठरत नाही. मागच्या चाकांवर पडणारा भार आणि जमिनीवरची पकड यांवर ती ठरते. आणि नेमका हाच अनावश्यक भार काळ्या रानाला मारक आहे. जड ट्रॅक्टरच्या फेऱ्यांनी जमीन खाली दबते, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. मैदानात ज्या गुणावर बक्षीस मिळते तोच रानात दोष ठरतो.

कायद्याची भाषाही येथे स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी झालेल्या वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ती मनाई ठामपणे उचलून धरली. त्याच कायद्याचे १८९ वे कलम राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटार वाहनांची शर्यत लावणे हा गुन्हा मानते. तरीही अशा मैदानांवर उद्घाटनाचा नारळ फोडावयास लोकप्रतिनिधी येतात. कायदा करणाऱ्यांनीच कायदा मोडणाऱ्याच्या गळ्यात हार घालावा, ही विसंगती कोणालाच खटकत नाही.

आणि प्रश्न केवळ पैशाचा किंवा कायद्याचा नाही, जिवाचा आहे. साखळी मागच्या आसाच्या उंचीवर वा त्याहून वर बांधली आणि ओढ सुटली नाही, तर इंजिनाचा जोर चाके फिरविण्याऐवजी ट्रॅक्टरचे नाकच वर उचलतो. ट्रॅक्टर मागे उलटू लागल्यावर तो सावरण्याची संधी साधारण पाऊण सेकंदात संपते. एवढ्या अवधीत माणसाचा पाय क्लचपर्यंत पोहोचतही नाही. चालकाच्या डोक्यावर मजबूत संरक्षक सांगाडा असेल तर तो वाचू शकतो. स्वीडनने १९५९ सालीच नव्या ट्रॅक्टरांना असा सांगाडा सक्तीचा केला आणि पुढे तेथील उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. भारतातील बहुसंख्य ट्रॅक्टर आजही त्यावाचून धावतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुरुदासपूर जिल्ह्यातील एका ग्रामीण क्रीडामेळाव्यात कसरती दाखविणारा तरुण आपल्याच ट्रॅक्टरच्या चाकाखाली सापडून मरण पावला. तेव्हा कोठे पंजाब सरकार जागे झाले आणि ट्रॅक्टरच्या जीवघेण्या कसरतींवर बंदी आली. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, फगवाड्यानजीकच्या एका गावात शर्यतीतला ट्रॅक्टर प्रेक्षकांत घुसून अनेक जण जखमी झाले. बंदी कागदावर होती, जमाव मैदानावर होता.

या खेळाचे समर्थक म्हणतात की, ज्याचा ट्रॅक्टर त्याची मर्जी. स्वतःच्या पैशाने त्याने काय करावे हे इतरांनी का सांगावे? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु ट्रॅक्टर खरोखर कोणाचा असतो? बहुतेकांच्या बाबतीत तो हप्ते फिटेपर्यंत बँकेचा वा वित्तकंपनीचा असतो, आणि हप्ते थकले म्हणजे ही मालकी कोणत्या रूपात प्रकट होते ते सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडातील हजारीबाग येथे साऱ्या देशाने पाहिले. थकीत हप्त्यांसाठी ट्रॅक्टर ओढून नेण्यास आलेल्या वसुलीच्या माणसांना अडविताना एका शेतकऱ्याची गरोदर मुलगी त्याच ट्रॅक्टरखाली चिरडली गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने संबंधित वित्तकंपनीला बाहेरच्या माणसांकरवी वसुली करण्यास काही काळ मनाई केली. ट्रॅक्टरच्या साखळीचे दुसरे टोक कोठे बांधलेले असते, हे सांगण्यास याहून विदारक उदाहरण नको. मैदानावर फुटलेल्या गिअरपेटीचा खर्च ही खाजगी बाब राहत नाही. ती घरातील दागिन्यावर, मुलाच्या फीवर, रानाच्या गहाणखतावर येऊन बसते. निर्णय घेणारा एक असतो आणि फेडणारे सारे घर असते.

दुसरा युक्तिवाद अधिक विचारात घेण्यासारखा आहे. या खेळामुळे खेड्यातील तरुणांच्या अंगच्या कारागिरीला वाव मिळतो, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे. पंप उघडून पुन्हा जुळविणारा, जुन्या इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखणारा खेड्यातील मिस्त्री हा पदवीवाचूनचा अभियंताच असतो. परंतु याच कसबाचे या देशात काय झाले? दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत भारतीय तंत्रज्ञांनी परदेशी परवान्यावाचून ट्रॅक्टरचा आराखडा तयार केला, आणि पंजाब सरकारच्या पुढाकाराने १९७० साली स्थापन झालेल्या कंपनीने तो ‘स्वराज’ या नावाने १९७४ साली बाजारात आणला. सार्वजनिक पैशाने आणि बुद्धीने उभा राहिलेला तो उद्योग २००७ साली एका बड्या खाजगी उद्योगसमूहाच्या हाती गेला. सार्वजनिक क्षेत्रातील एचएमटीने १९७१ पासून पिंजोर येथे ट्रॅक्टर बनविले. तो कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये घेतला. आज टोचनाच्या आणि कसरतींच्या मैदानात याच एचएमटीच्या जुन्या ट्रॅक्टरांना मानाचे स्थान आहे. लोकांचा कारखाना बंद पाडावयाचा आणि त्याच्या शेवटच्या यंत्रांची झुंज लावून लोकांनी टाळ्या पिटावयाच्या, याला कारागिरीचा गौरव कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

मूळ प्रश्न असा की, एवढा जोर शेतकऱ्याजवळ फाजील होतोच कसा? २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. ट्रॅक्टर परवडावयाचा तर त्याला वर्षाकाठी साधारण हजार तासांचे काम मिळावे लागते. तीन-चार एकरांत ते कोठून यावे? जाहिराती मात्र अधिकाधिक अश्वशक्तीच्या असतात. विक्रेता कर्जाचे कागद दुकानातच भरून देतो, आणि शेजाऱ्याने चाळीसचा घेतला म्हणून हा पन्नासचा घेतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. किंमत उतरली हे चांगलेच झाले, पण त्यामुळे रानाचा बांध एक फूटही सरकला नाही. मग दारात उभ्या असलेल्या यंत्राचे समर्थन कसे करावयाचे? कामातून होत नसेल तर प्रतिष्ठेतून करावे लागते. टोचन हे बेकार भांडवलाचे अपत्य आहे. ज्या यंत्राला पुरेसे रान नाही त्याला मैदान लागते.

हा सारा व्यवहार एका खोऱ्यात स्पष्टपणे पाहावयाचा असेल तर आंबेगाव तालुक्यातील डिंभ्यापासून खाली यावे. घोड नदीवरील डिंभे धरण हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही इतर चार. या जलाशयाखाली मूळ आंबेगाव, म्हणजे ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले ते गावच गेले. महादेव कोळी आदिवासींची भाताची खाचरे बुडाली. अडलेले पाणी कालव्यांनी खाली गेले. कुकडी प्रकल्पाचे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. खालच्या रानांत ऊस उभा राहिला. पारगावचा भीमाशंकर आणि जुन्नरचा विघ्नहर हे सहकारी साखर कारखाने याच परिसरात आहेत, आणि ऊस आला तेथे तो वाहून नेणारा ट्रॅक्टर आला.

आणि येथेच ट्रॅक्टरची खरी ओढाओढ चालते, जिला ना शिट्टी ना बक्षीस. गळीत हंगाम सुरू झाला की एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा ऊस, आणि चढावर पुढची चाके अधांतरी, हे दृश्य महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील कोणत्याही रस्त्यावर दिसते. पुढची चाके उचलली गेली की स्टिअरिंग निरर्थक होते. चालक डाव्या-उजव्या ब्रेकवर गाडी वळवीत राहतो. मागून येणारी दुचाकी, अंधार, दिव्यावाचूनची ट्रॉली, यांतून होणाऱ्या अपघातांना ‘हंगाम’ म्हणून खपवून घेतले जाते. चालक अविचारी असतो म्हणून हे घडत नाही. वाहतुकीचा दर टनावर आहे, म्हणून घडते. खेपा मर्यादित, काट्यावरची रांग लांब, टोळीच्या मुकादमाला दिलेली उचल बुडण्याची धास्ती, आणि वर हप्ता. तेव्हा प्रत्येक खेपेत शक्य तेवढा भार चढविणे हाच एक मार्ग ट्रॅक्टरमालकापुढे उरतो. अतिभारावर कायद्यात २०१९ पासून वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये असा दंड आहे. तो भरावा लागतो ट्रॅक्टरवाल्याला. टनाचा दर ठरविणारे मोकळे राहतात. यात्रेच्या मैदानातील तरुण जे हौसेने करतो तेच हा चालक पोटासाठी करतो, आणि एकाचे कौतुक दुसऱ्याचा धोका सुसह्य करीत असते. अवजड ओढणे म्हणजे शौर्य, हे एकदा मनावर बिंबले की अतिभार लादणाऱ्याला जाब विचारावा असे कोणाला वाटत नाही.

आता धरणाच्या वरच्या अंगाला पाहावे. तेथे उतारावरची खाचरे आहेत, भात, नाचणी, वरई आहे, हिरडा वेचणे आहे. एका खाचरातून दुसऱ्यात मोठा ट्रॅक्टर उतरूच शकत नाही. तेथे पाहिजे हलका पॉवर टिलर, चिखलणीचे लहान यंत्र, मळणीचे यंत्र आणि उपसा सिंचनाचा पंप. बाजाराचे लक्ष तिकडे कमी, कारण त्या गिऱ्हाइकाची पत कमी. ३० जुलै २०१४ रोजी याच परिसरातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे गाडली गेली. त्यानंतर उतारावर अवजड यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाविषयी पुष्कळ वाद झाला. त्या वादाचा निकाल कोणी कसाही लावो. उतारावर कोणते यंत्र चालवावे आणि तो निर्णय कोणी घ्यावा, हा प्रश्न या दुर्घटनेने सर्वांपुढे ठेवला, आणि तो अजून सुटलेला नाही. ज्यांच्या जमिनीवर धरण उभे राहिले त्यांना उपयोगी यंत्र मिळत नाही, आणि त्यांच्या पाण्यावर पिकलेल्या पैशातून घेतलेली यंत्रे दुसरीकडे धूर ओकीत एकमेकांना ओढीत राहतात. विषमतेचे हे चित्र रंगवून सांगण्याची गरज नाही.

तथापि याच डोंगरकपारीत दुसरी परंपराही आहे. अनेक घरांनी एकत्र येऊन, मजुरीचा हिशेब न करता, पाळीपाळीने एकमेकांची खाचरे बांधून काढावयाची, हिला पडकई म्हणतात. पुढे शासनाच्या योजनेनेही तेच नाव घेतले. देशावर इर्जिक होती: ज्याचे नांगरट मागे पडले त्याच्या रानात साऱ्या गावाचे नांगर उतरत. धरणाने उठविलेल्या आदिवासींनी संघटित होऊन पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर केली आणि जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. या लोकांबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार २०१२ साली मिळाला. साधने सामायिक ठेवून उपजीविका उभी करणे हे ग्रंथातले स्वप्न नाही, डिंभ्याच्या काठावर ते घडलेले आहे. मग ट्रॅक्टरचीच इर्जिक का होऊ नये?

काही सुशिक्षितांना या साऱ्यावर एकच उपाय दिसतो, तो बंदीचा. त्यांनी बैलगाडा शर्यतीचा इतिहास आठवावा. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या शर्यती बंद केल्या. २०१७ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, ती न्यायालयात अडकली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरविली. या नऊ वर्षांत बैल पाळणाऱ्याच्या चाऱ्या-पाण्याचा प्रश्न सुटला नाही. शर्यतीच्या प्रश्नावर पुढारी मात्र मोठे झाले. नुसती बंदी ही पुढाऱ्याला आयते निशाण देते. पोलीस येऊन तरुणाचा ट्रॅक्टर जप्त करतील, तो सोडवावयास पुढारी येईल, आणि ज्याने कर्ज देऊन तो गळ्यात बांधला त्याचे नावही निघणार नाही.

दुसऱ्या बाजूला चळवळीतलीच काही मंडळी म्हणतात की, लोकांचा आनंद आहे, उगाच विरोध करून तरुणांना दूर का लोटावे. शिवाय ट्रॅक्टर हे तर शेतकऱ्यांच्या लढ्याचे प्रतीक झाले आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच बोलले पाहिजे. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीकडे निघालेल्या शेतकऱ्यांनी रस्त्यावरचे अडथळे ट्रॅक्टर लावून ओढून काढले. त्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्याच वर्षभर त्यांची घरे झाल्या. २६ जानेवारी २०२१ च्या मोर्चात हजारो ट्रॅक्टर निघाले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारला तिन्ही कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा करावी लागली. तेथेही ओढ होती, पण सारे ट्रॅक्टर एका बाजूला होते आणि अडथळा दुसऱ्या बाजूला. टोचनात शेतकरीच साखळीच्या दोन्ही टोकांना उभा असतो. तरुणाला यंत्राचे आकर्षण आहे, यात काही गैर नाही. त्या आकर्षणाला शेजाऱ्याला पाडण्यापलीकडचे काम दिले गेले नाही, हे चळवळीचेही अपयश आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी गावोगाव काही गोष्टी हाती घेतल्या पाहिजेत. पहिली, ग्रामपंचायत, पतसंस्था, सोसायटी वा कारखाना यांच्या निधीतून ट्रॅक्टरच्या झुंजींना एक पैसाही जाता कामा नये, आणि गेला तर ग्रामसभेत हिशेब मागितला पाहिजे. दुसरी, २०१४-१५ पासून केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण अभियानातून अवजारे बँकांना अनुदान मिळते. ही अवजारे एखाद्या पुढाऱ्याच्या नातलगाच्या अंगणात जाऊन बसतात की गरजूंच्या रानात जातात, याची नोंदवही दर हंगामाला उघडी व्हावयास हवी, आणि डिंभ्यासारख्या डोंगरी भागात हलक्या यंत्रांना अग्रक्रम मिळावयास हवा. तिसरी, प्रत्येक नव्या ट्रॅक्टरला संरक्षक सांगाडा सक्तीचा व्हावा आणि जुन्यांना तो बसविण्यास साहाय्य मिळावे. चौथी, ऊस वाहतुकीत भाराची मर्यादा कारखान्याच्या काट्यावरच पाळली जावी, आणि मर्यादित भारातही खेप परवडेल असा दर ठरावा. केवळ दंड वाढविल्याने गरीब चालक भरडला जाईल.

आणि पाचवी गोष्ट स्पर्धेचीच. स्पर्धा हव्यातच, पण कामाच्या हव्यात. जगात नांगरणीच्या स्पर्धा होतात. त्यांची जागतिक संघटना १९५२ साली स्थापन झाली आणि पहिली जागतिक स्पर्धा १९५३ साली कॅनडात भरली. तास सरळ किती, खोली एकसारखी आहे की नाही, यांवर तेथे निकाल लागतो. एका एकराच्या नांगरटीला डिझेल सर्वांत कमी कोणाला लागले, बंद पडलेले इंजिन कोणी आधी चालू केले, भरली ट्रॉली कोणी सुरक्षितपणे मागे घेतली, अशा पैजा घोडेगाव, मंचर, नारायणगावच्या मैदानांवर का लागू नयेत? मिस्त्रीचे कसब त्यात दिसेल, तरुणाची ईर्ष्या त्यात भागेल, आणि सायंकाळी घरी परतणारा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी रानात जाण्याच्या योग्यतेचा राहील.

डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहणाऱ्या मालमोटारीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडला गेला. ती मोटार किती जोरकस आहे, या प्रश्नाशी त्याला कर्तव्य नव्हते. तिच्यावरचा माल कोणाचा आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच त्याने पाहिले. त्याच्या नावाच्या पाण्यावर पिकणाऱ्या खोऱ्यात ट्रॅक्टरच्या मागे काय जोडले आहे आणि ते कोणाच्या हितासाठी ओढले जात आहे, हा प्रश्न यात्रेच्या मैदानातही आणि कारखान्याच्या काट्यावरही विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याची सुरुवात येत्या हंगामापूर्वी भरणाऱ्या ग्रामसभांतून करावी.